बुढ्याची सिस्टर

माहा नवरा मले सिस्टर म्हन्ते. हासून घ्या आंदी. पोट भरून हासा, मंग सांगते. साऱ्या सोनाळा गावानं हासून घेतलं, तुमीच काऊन मांगं राहता?

सिस्टर म्हंजे बहीण नाई बरं, दवाखान्यातली सिस्टर. सुई टोचनारी. पन हे समजावून सांगता सांगता माह्या जिभेले फोड आले. आमच्या शेजारच्या बनाबाईले तं मुद्दामच समजत नाई. सकाळी अंगनात उभी राहून इचारते, "काय वं तानुबाई, तुह्या भावानं चहा घेतला का?" तिच्या तोंडात माती पडो.

नवऱ्याचं नाव मी घेत नाई, पन तुमी नवे लोक, तुमाले समजाले पायजे म्हून एकडाव घेते: पुंजाजी. झालं. आता पुढं मी त्याले बुढाच म्हनन. तोंडावर 'आवो' म्हन्ते. कोनी जाऊन चाडी सांगतली तं याद राखजा.

दोन सालं झाले त्या गोष्टीले. आमी भाजीपाल्यावाले. वांगे, मिरच्या, सांभार म्हंजे तुमची कोथिंबीर, गवारीच्या शेंगा, ज्या हंगामात जे निंघन ते. त्या दिवशी वरवट बकालचा बाजार व्हता. एक बाई एकएक वांगं दाबू दाबू पाहून राह्यली व्हती. बुढा खेकसला, "बाई, वांगं घ्याचं हाय का त्याची मालिश कराची हाय?" एवढं बोलला अन् सोताच वांग्याच्या ढिगावर उपडा पडला. मले वाटलं नाटक करून राह्यला, त्याले सवयच हाय. मी म्हनलं, "उठा आता, वांगे चेंदले." उठते कुठला! तोंड काळंनिळं. दिल बंद पडलं व्हतं त्याचं. छाती दुखली नाई, घाम आला नाई, लाईन गेल्यावर मोटर बंद पडते तसं एकदम बंद.

बाजारात बंदोबस्ताले होमगार्डचा एक पोरगा व्हता. तो धावत आला अन् दोन्ही हातानं बुढ्याची छाती दाबाले लागला. बरगड्या मोडल्या तरी सोडे ना. मी त्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या मारल्या, माह्या मानसाले मारते का म्हून. बिचारा बुक्क्या खात राह्यला, पन दाबनं काई थांबवलं नाई. त्याच्यामुळं बुढा अकोल्याच्या दवाखान्यात जित्ता पोचला. आता दर दिवाळीले मी त्या पोराले फराळाचा डबा धाडते.

दवाखान्यात बुढा गंज दिवस बेसुध व्हता. मशीन श्वास घे, मी काचंतून पाहत बसो. जवा डोळे उघडले तवा त्याच्या समोर जयमाला सिस्टर व्हती. तिनंच त्याले पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं. लय मायाळू पोरगी. मी रात्रंदिवस बाहीर फरशीवर बसेल, पन मले भेटाले किती सोडत? जराकसं. बुढ्याच्या डोक्यानं हिशोब मांडला, जे भरवते ते सिस्टर. घरी आल्यावर मी त्याच्या तोंडात वरनाचा पहिला घास घातला, तं हात जोडून म्हन्ते कसा, "लय उपकार झाले, सिस्टर."

पोरगा शिवम हासला, सून काजल हासली, मी बी हासली. म्हनलं दोन दिवसात जाईन.

कायचं जाते! बाकी बी गंज भानगडी व्हत्या. चपला फ्रीजात ठेवे. सदऱ्यावर सदरा घाले. सांभार मांगाचा असन तं 'कुलूप दे' म्हने. मोटर चालू कराले जाय अन् अर्ध्या वाटेत इसरून कोनाच्याबी ओसरीवर जाऊन बसे. टीव्हीवर साबनाची जाहिरात लागली का ढसाढसा रडे. दुपारी बारा वाजले का थकून आडवा, अंगात जसं मीठच नाई. डॉक्टरीनबाई म्हने, दिल बंद व्हतं तेवढा टाइम मेंदूले हवा भेटली नाई, काई भाग सुकला. पन मेंदू वाट काढते. आज नाई तं उद्या, साल लागन, दोन सालं लागन, मंगही थोडं थोडं सुधरत राह्यन. हे मले पटलं. वावरात जुना दांड फुटला का पानी दुसरीकून वळवाच लागते, अन् नव्या दांडाले मुराले टाइम लागते. तिनं अजून एक सांगतलं, "त्यांना खोडू नका. परीक्षा घेऊ नका. चूक बोलले तरी हो म्हणा."

म्हनलं हो. पन माही आग काऊन झाली ते आयका. बुढ्यानं शिवमले वळखलं. काजलले वळखलं. बनाबाईले तं लांबूनच वळखलं अन् तोंड फिरवलं, म्हंजे अक्कल शाबूत. वावराच्या धुऱ्यावरून ज्याच्यासंग भांडन व्हतं त्याले वळखून नव्यानं भांडला. म्हशीले वळखलं हो, म्हशीले! तिच्या गळ्यात पडून रडला. अन् मले? मले 'तुमी'.

लग्न झाल्यापासून या मानसानं मले 'अवं' शिवाय हाक मारली नाई. "अवं ए, पानी आन." "काऊन वं, बहिरी झाली का?" माह्या नावाचा खर्च त्यानं कवा केलाच नाई. अन् आता म्हन्ते, "सिस्टर, तरास नसन तं उलसा चहा भेटन का?" गल्लीतल्या बायका म्हनत, नशीब काढलं वं तानुबाई, आमचे तं अजून खेकसतेत. मी म्हनलं, घेऊन जा तुमी, अन् तुमचा खेकसनारा मले द्या. मले कोनी मान द्यावा असं नोयतं वाटत. मले माहं 'अवं' वापस पायजे व्हतं. बस, तेवढंच पायजे व्हतं.

एकडाव मीच येडेपना केला. लग्नाचा फोटो काढून त्याच्या पुढं धरला. "हे कोन?" "हा मी." "अन् हे?" "हे माही बायको." "अन् मी कोन?" त्यानं फोटो पायला, मले पायलं, फोटो पायला. "बायको कुठी हाय माही?" म्हने, अन् एकदम कावराबावरा झाला. घरभर फिरून तिले हुडकाले लागला. दोन दिवस जेवला नाई. तवापासून मी कानाले खडा लावला, आता बुढ्याले खोडनं नाई.

पन सिस्टर होन्यात बी मजा हाय, हे मले हळूहळू समजलं. बुढा सिस्टरपाशी सारं बोले. बायकोच्या चुगल्या करे.

"सिस्टर, माही बायको मले बिडी पिऊ देत नाई."

"बरोबर हाय तिचं," मी म्हनो. "कुठी लपवून ठेवता मंग?"

"तुरीच्या कोठीमांगं. तिले सांगू नका."

कशाले सांगते? बिड्या चुलीत गेल्या. मंग निंघालं का बरनीतलं आंब्याचं लोनचं उंदीर खात नाईत, काजल खात नाई, बुढाच खाते. माह्यापुढं म्हने, लोनचं खारट झालं, फेकून दे. अन् मी वावरात गेली का बोटं चाटे. काजलवर आळ घेतला व्हता मी. तिच्यासाठी मुकाट्यानं पुरनपोळी केली. माहेरचा माहा दादा आला व्हता तवा बुढा 'पोट दुखते' म्हून वावरात पळाला व्हता ना, तं पोट ठनठनीत व्हतं. सारं बाहीर आलं. मी मान हालवो अन् म्हनो, "अरारा, अन् बायकोले काईच ठाऊक नाई?" बुढा खूश. "तिले कायचं ठाऊक! ते भोळी हाय."

भोळी! कोन भोळं ते देवालेच ठाऊक.

या साली बुढा लय सुधरला. चपला पायात आल्या. सांभाराच्या जुड्या बांधाले लागला, आंदीसारख्या घट्ट. बाजाराचा वार सांगे. शब्द अडकला का मी गप बसून राहो, मंग धा-पाच श्वासानं तो सापडे. सारं पानी ज्याच्या त्याच्या वाफ्यात पोचलं. माह्या एकटीचाच वाफा कोरडा.

मंग आखाडात पान्याची झडी लागली. वावरात जाता येई ना. बुढा ओसरीवर बाजंवर बसेल, मी खाली मिरच्याचे देठ खुडून राह्यली व्हती. अचानक म्हन्ते, "सिस्टर, माही बायको दिसाले काई खास नाई."

मी देठ जरा जोरातच तोडला. "असं?"

"नाक फेंदडं हाय. अन् तोंड, बापा रे, तोंड तं चालूच." मंग गप बसला. पानी पडत व्हतं. शब्द हुडकून राह्यला का काय म्हून मी बी थांबली. "पन ते घरात नसली ना सिस्टर, तं हे घर मले खाले उठते. तिच्या बडबडीबिगर भाकर गिळत नाई. दवाखान्यात मशीनमंदी पडेल व्हतो तवा बी वाटे, कोनी तरी बडबड करावं." बाजंची सुतळी ओढाले लागला. "हे तिले सांगतलं नाई कवा. सांगन बी नाई. लय चढन डोक्यावर. तुमी बी सांगू नका."

मिरचीचा हात डोळ्याले लागला असं म्हनून मी आत गेली. मिरचीचा नाई लागला. इतके सालं ज्याची वाट पायली ते आयकाले भेटलं, अन् ते बी दुसरीच्या नावावर. रांजनापाशी उभी राहून लय रडली मी. संताप बी आला, माया बी आली, दोन्हीचं एकच पानी.

अन् मंग त्या बनाबाईनं काडी टाकली. राखी पुनव चार दिवसावर आली व्हती. ओसरीवर येऊन बुढ्याले म्हन्ते, "का हो भाऊजी, सिस्टर सिस्टर करता, मंग सिस्टरकून राखी बांधून घ्या ना औंदा."

बुढ्यानं बनाबाईकडं पायलं, मंग माह्याकडं. लय टाइम पायलं. अन् म्हन्ते, "खरंच तं हाय. सिस्टर, तुमी मले जगवलं. तुमी मले राखी बांधा."

माह्या हातातला तांब्या खाली पडला.

बुढा सिस्टर म्हन्ते याचं दुख नाई हो, पन राखी! सिस्टर हा बोलाचा शब्द, तोंडातून निंघाला, हवेत गेला. राखी हवेत जात नाई. एकडाव बांधली का भाऊ तो भाऊ. गळ्यात त्याच्या नावाचं डोरलं अन् त्याच्या हातात माही राखी, हे कोनत्या देवाले जाऊन समजावू? काजल म्हने, "आई, नाई म्हना ना सरळ." नाई कसं म्हनू? त्या फोटोच्या टाइमाले काय झालं ते तिनं बी पायलं व्हतं. बुढ्याची खरी बहीण, अन्नपूर्णाबाई, धामनगाव बढ्याहून आंदल्या दिवशीच आली. तिनं आयकलं अन् कपाळाले हात लावला. "वहिनी, भावजय व्हती ते बरं व्हतं. तू बहीण झाली तं अर्धी ओवाळनी तुले द्या लागन मले." अशी हे ननंद. घरादारात एक मानूस धड नाई.

अन् बुढा? बुढा शिवमसंग बाजारात जाऊन सोता राखी घेऊन आला. ताटाएवढी. मधात स्पंजचं फूल, वर चमकी. लहान पोरासारखा साऱ्याईले दाखवत फिरला.

मी रातभर इचार केला अन् पक्कं ठरवलं. बांधन. डॉक्टरीनबाई म्हनली परीक्षा घेऊ नका, पन आता तं बुढ्यानंच माही परीक्षा लावली. याच्या आत कुठी, कोन्या कोपऱ्यात, माहं 'अवं' शिल्लक असन तं तो हात मांगं घेईन. नसन तं घेनार नाई, अन् मंग मी जलमभर सिस्टर. एका धाग्यावर सारा संसार लावला मी.

पुनवेले सकाळी बुढा आंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसला. समोर ताट, दिवा, कुकू, अक्षदा, खोबऱ्याची बर्फी. आंदी अन्नपूर्णाबाई बांधनार व्हती, तं बुढा म्हन्ते, "नाई, आंदी सिस्टर." बनाबाई दाराच्या चौकटीले टेकून उभी, तमाशा पाहाले. मी ओवाळलं. कपाळाले कुकू लावलं, ते जरा नाकावर बी लागलं. बुढा हात पुढं करून बसला. त्याच मनगटावर लग्नात माह्या नावाचं कंकन बांधलं व्हतं.

मी राखी उचलली. त्याच्याकडं पायलं. तो माह्याकडंच पाहून राह्यला व्हता, पापनी न हालवता. मनात म्हनलं, आवो, घ्या ना हात मांगं. नाई घेतला. मी धागा मनगटाखालून घेतला. नाई घेतला. धागा वर आनला, एक पदर दुसऱ्यावर टाकला. माहे डोळे भरून आले, मले गाठच दिसे ना. तरी बी मी दोन्ही टोकं धरले अन् ओढाले गेली.

"येऽ वं!"

हात असा हिसकला का ताट उलटं झालं अन् बर्फी बनाबाईच्या पायापाशी गेली.

"येडी झाली का काय वं तू? नवऱ्याले राखी बांधते? जित्ता हाय ना मी अजून!"

दिवा इझला व्हता, तो बी कोनी पायला नाई. मी तिथंच फतकल मारून बसली अन् गळा काढून रडली. काजल रडली. अन्नपूर्णाबाई "माय वं माय" करत राह्यली. शिवमनं दार लावून घेतलं, बनाबाईले बाहीर ठेवून. ते मातर बेस केलं पोरानं.

रडनं झालं तसा माहा माथा सनकला. येवढ्या लवकर वळख येत नाई, एवढं मले बी समजते. मी पदरानं नाक पुसलं अन् इचारलं, "कवापासून?"

बुढा पायाच्या अंगठ्याकडं पाहाले लागला. "मांगच्या उन्हाळ्यापासून. कवा समजे, कवा जाय. सकाळी तू दिसे, दुपारी थकलो का पुना सिस्टर दिसे. आता पेरन्या झाल्यापासून मातर... पक्कं हाय."

"मंग बोलले काऊन नाई?"

"कसा बोलू?" आवाज बारीक झाला त्याचा. "बिड्या, लोनचं... काय काय सांगून बसलो व्हतो तुह्यापाशी. तोंड कसं दाखवू? अन् तू बी लय गोड बोलत व्हती. कवा बोलली व्हती तशी?"

"अन् राखी काऊन मांगतली मंग?"

"मले वाटलं तूच नाई म्हनशीन. तुहं 'नाई' आयकू अन् मंग लगे सांगू. तू तं... तू तं गाठ माराले लागली वं!"

अन्नपूर्णाबाई हासता हासता आडवी झाली. म्हन्ते, सुंभ जळला पन पीळ गेला नाई, दोघाईचाबी. ते चमकीची राखी मंग तिनंच बांधली त्याले, वाया नको म्हून. शिवमनं डॉक्टरीनबाईले फोन लावला. ते बी खूश झाली, म्हने, दोन वर्षांनीसुद्धा असं होतं, म्हणूनच धीर धरायला सांगते. राखीचं मातर शिवमनं तिले सांगतलं नाई. बरं केलं.

दुपारी बुढा थकला. बाजंवर आडवा झाला, हातात ते ताटाएवढं फूल. घरात बाकी कोनी नोयतं. मी जवळ बसून वारा घालत व्हती. एक गोष्ट मले खात व्हती, इचारल्याबिगर राहवे ना.

"आवो."

"काय वं?"

"ते आखाडात म्हनले व्हते तुमी. झडी लागली व्हती तवा. पेरन्या झाल्यावरची गोष्ट हाय ते. घर खाले उठते म्हनले, बडबडीबिगर भाकर गिळत नाई म्हनले. ते सिस्टरले म्हनले का मले?"

बुढा वरच्या आढ्याकडं पाहत राह्यला. मी थांबली. शब्द सापडाले त्याले टाइम लागते, खोडाचं नाई, घाई कराची नाई, हे मले आता अंगवळनी पडेल हाय. लय टाइम गेला. मले वाटलं झोप लागली. मंग त्यानं डोळे मिटले, अन् एकदम मानानं, तसाच दवाखान्यासारखा बोलला.

"सिस्टर, बायकोले सांगू नका म्हनलं व्हतं ना तुमाले?"

"नाई सांगत," मी म्हनलं, अन् चहा टाकाले उठली.